व्यसन, साक्ष आणि संमती

‘व्यसन’ हा शब्द आज मराठीत उच्चारला गेला की ऐकणाराच्या मनात प्रथम उभा राहतो तो दोष. अमुक मनुष्य व्यसनी आहे असे म्हणताच त्याच्याविषयीचा निर्णय होऊन गेलेला असतो. पुढे काही सांगावयाचे उरलेच, तर ते त्याच्या घरच्यांच्या हालांविषयी. संस्कृतात मात्र हा शब्द दोन अंगांनी वावरत होता. व्यसन म्हणजे दुर्गुण, तसेच व्यसन म्हणजे संकट, आपत्ती. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील आठवे अधिकरण ‘व्यसनाधिकारिक’ या नावाचे आहे आणि त्यात हे दोन्ही अर्थ एकाच छपराखाली नांदतात. एका अध्यायात मृगया, द्यूत, स्त्रिया आणि पान ही कामज व्यसने येतात; पुढच्याच अध्यायात अग्नी, पूर, व्याधी, दुर्भिक्ष आणि मरक, म्हणजे साथ, यांचा विचार येतो. माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर फेकून देते ते व्यसन, अशी शब्दाची फोडही ग्रंथकार देतो. फेकला जाणारा स्वतः उडी घेतो की कोणी त्याला ढकलतो, हे त्या फोडीत सांगितलेले नाही. राज्यकर्त्याने दोहोंचाही विचार करावा, कोणते व्यसन अधिक भारी ते तोलावे आणि त्यावर उपाय योजावा, एवढेच त्या अधिकरणाचे प्रयोजन आहे.

मराठीने यांपैकी दुसरा अर्थ हळूहळू टाकून दिला. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत तपकिरी, भेसळीचे हेरॉइन शिरले, तेव्हा लोकांनी त्याला ‘गर्द’ हे नाव दिले. फार्सीत गर्द म्हणजे धूळ. नाव पदार्थाच्या रूपाला शोभणारे होते. पण त्यामागोमाग ‘गर्दुल्ला’ हा शब्द आला आणि धुळीचा गुण माणसाला चिकटला. गर्दुल्ला म्हणजे पुलाखाली पडलेला, स्टेशनाबाहेर घुटमळणारा, ज्याला पाहून पिशवी छातीशी धरावयाची असा कोणी. त्याला नाव, गाव, आई काही नसते. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने त्या माणसांना नाव-गाव परत दिले, आणि १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने त्यांच्यासाठी ‘रुग्णमित्र’ हा शब्द रुळविला. गर्दुल्ला आणि रुग्णमित्र हे दोन शब्द एकाच माणसाविषयीचे आहेत. मधले अंतर पाहणाराच्या दृष्टीचे आहे. परंतु हा तंटा केवळ शब्दांचा राहत नाही. कॅनडातील व्हँकूव्हर शहरात तो रस्त्यावर आला, नगरसभेत गेला, निवडणुकीत लढला गेला आणि अखेरीस देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे उभा राहिला.

व्हँकूव्हरच्या बंदराजवळ ‘डाउनटाउन ईस्टसाइड’ नावाची वस्ती आहे. लाकूडतोडे, खलाशी, हंगामी मजूर यांनी कामाच्या दोन हंगामांमध्ये राहावे, म्हणून बांधलेल्या स्वस्त हॉटेलांच्या एकेका खोलीत पुढे कायमचे गरीब लोक राहू लागले. मानसिक रुग्णांची मोठी इस्पितळे रिकामी होऊ लागली, पण त्या रुग्णांना सामावून घेणारी दुसरी घरे उभी राहिली नाहीत. त्यांतले अनेकजण येथे येऊन पोचले. देशाच्या मूळ रहिवाशांपैकी ज्यांची कुटुंबे मोडली होती, असेही पुष्कळ येथे आले. १९९० च्या दशकात शुद्ध आणि स्वस्त हेरॉइन आले. कोकेनही शिरेतून घेतले जाऊ लागले, आणि त्याचा अंमल अल्पकाळ टिकत असल्यामुळे दिवसातून अनेकदा सुई टोचली जाऊ लागली. एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरली. एचआयव्हीचा संसर्ग इतक्या वेगाने पसरला की १९९७ साली तेथील आरोग्य मंडळाला सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९८ या एका वर्षात सुमारे ४०० माणसे अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने मेली.

अतिमात्रेने येणारा मृत्यू कसा असतो, हे समजल्यावाचून पुढचा वाद समजत नाही. हेरॉइन किंवा त्याच्या जातीचे द्रव्य मेंदूच्या ज्या भागांवर बसते, त्यांत श्वासोच्छ्वास चालविणारा भागही असतो. मात्रा अधिक झाली म्हणजे श्वास मंद होतो, ओठ निळे पडतात, आणि प्राणवायू न मिळाल्यामुळे काही मिनिटांत मेंदू व हृदय थांबते. या मृत्यूत आरडाओरडा नसतो. माणूस झोपी गेल्यासारखा दिसतो. त्याच काही मिनिटांत कोणी कृत्रिम श्वास दिला, प्राणवायू दिला, नॅलोक्सोन नावाचे औषध टोचले, तर ते औषध हेरॉइनला त्याच्या जागेवरून हुसकून लावते आणि माणूस डोळे उघडतो. म्हणजे मरण आणि जगणे यांमधला फरक पुष्कळदा द्रव्याच्या प्रमाणाइतकाच, जवळ कोणी होते की नव्हते, यावर अवलंबून असतो. आणि ज्या कृत्याला कायदा गुन्हा म्हणतो व समाज लाज म्हणतो, ते कृत्य माणूस दार लावूनच करतो.

या वस्तीत बड ऑस्बॉर्न नावाचा एक कवी राहत होता. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात त्याचा जन्म झाला. तो वाढला ओहायोतील टोलीडो शहरात. स्वतः अनेक वर्षे हेरॉइनच्या आहारी गेलेला आणि पुढे त्यातून बाहेर आलेला हा मनुष्य वस्तीचाच होता आणि अखेरपर्यंत वस्तीचाच राहिला. त्याच्या कवितेचा विषयही तीच वस्ती, तिच्यातील मरणे आणि तिच्यातील माणसांचे परस्परांना धरून राहणे. ‘कीज टू किंगडम्स’ या त्याच्या संग्रहाला १९९९ साली व्हँकूव्हर नगरीचे पुस्तक-पारितोषिक मिळाले. परंतु तो केवळ कविता लिहून थांबला नाही. १९९७ साली व्यसनी लोकांची स्वतःची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी तो एक होता. ज्या आरोग्य मंडळाने आणीबाणी जाहीर केली, त्यावरही तो बसला होता आणि त्या ठरावात त्याचा पुढाकार होता. त्याच वर्षीच्या जुलैत वस्तीतील ऑपेनहायमर उद्यानाच्या हिरवळीवर एक हजार क्रूस रोवण्यात आले. अतिमात्रेने मेलेल्या प्रत्येकासाठी एक. त्यामागेही तो आणि त्याचे सोबती होते. तोवर वर्तमानपत्रांत आकडे येत होते. क्रूस रोवल्यावर त्या आकड्यांना जमिनीवर जागा व्यापावी लागली, आणि शहराला त्यांच्या बाजूने चालत जावे लागले.

दुसरा मनुष्य याच्या अगदी उलट ठिकाणचा. १९९३ ते २००२ या काळात व्हँकूव्हरचे महापौर असलेले फिलिप ओवेन हे सुखवस्तू, उजव्या विचारांचे व्यापारी गृहस्थ. त्यांचे वडील प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होऊन गेलेले. व्यसनी माणसाविषयी त्यांच्या वर्गाची जी मते, तीच त्यांची असावयाची. परंतु ते वस्तीत जाऊन त्या माणसांशी बोलू लागले, आणि शहराने प्रतिबंध, उपचार, कायद्याची अंमलबजावणी आणि हानी कमी करणे या चार खांबांवर आपले धोरण उभारावे, या निष्कर्षाला पोचले. २००१ साली नगरसभेने ते धोरण स्वीकारले. या चौथ्या खांबात देखरेखीखाली सुई टोचण्याच्या केंद्राची कल्पना सामावलेली होती. पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्याच पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. निवडून आले ते लॅरी कॅम्पबेल. प्रांताचे अपमृत्यू-चौकशीचे मुख्य अधिकारी म्हणून त्यांनी काम केलेले होते. या मरणांची प्रेते त्यांच्या खात्याने मोजलेली होती. ओवेन यांचे आसन गेले, पण धोरण राहिले.

सप्टेंबर २००३ मध्ये ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावर ‘इन्साइट’ या नावाचे केंद्र उघडले. उत्तर अमेरिकेतील कायद्याची मान्यता असलेले ते पहिले केंद्र होय. आत जे घडते ते पाहू गेल्यास फारच साधे आहे. येणारा आपले नाव, किंवा हवे तर टोपणनाव, नोंदवितो आणि काय घेणार ते सांगतो. द्रव्य त्याने स्वतः आणलेले असते. केंद्र ते देत नाही, विकत नाही. केंद्र देते ती नवी सिरिंज, स्वच्छ पाणी आणि बसण्यास जागा. आरशासमोर एका ओळीत बारा आसने मांडलेली होती. सुई तो स्वतःच टोचतो. परिचारिका त्याच्या हाताने टोचीत नाही. ती पाहते. श्वास मंदावला तर धावते. नंतर शेजारच्या खोलीत कॉफीचा पेला घेऊन काही वेळ बसावयाचे, जखमा दाखवावयाच्या असतील तर दाखवावयाच्या, आणि मनात आले तर उपचारांची चौकशी करावयाची. २००७ पासून त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी खाटा ठेवण्यात आल्या. असा जिना चढून जाण्याची सक्ती मात्र कोणावरही नाही.

अशा केंद्राविरुद्ध जे बोलले गेले, ते सगळेच निर्दयतेने बोलले गेले असे मानणे अन्यायाचे होईल. जी गोष्ट बाहेरच्या पदपथावर गुन्हा आहे, ती उंबरठ्याच्या आत मान्य कशी, हा प्रश्न कायद्याची चाड असलेल्या कोणालाही पडेल. सरकारच जागा देऊ लागले तर कोवळ्या मुलांनी त्यातून काय शिकावे, असे आईबाप विचारतात. हाकेच्या अंतरावरील चिनी वस्तीतले जुने दुकानदार म्हणत, की शहराने आपली सारी दुःखे एकाच कोपऱ्यात लोटली आणि त्यांची राखण आमच्या दारात ठेवली. केंद्र ज्यांच्या घराशेजारी उभे राहते, ते बहुधा गरीबच असतात, हे खरेच आहे. आणि सर्वांत वजनदार आक्षेप स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्या काहींचा: हा पैसा व्यसन सोडविण्यासाठी का खर्च होत नाही? माणसाला बुडताना पाण्यावर तरंगत ठेवावयाचे आणि काठावर ओढावयाचे नाही, ही कसली दया?

या आक्षेपांची परीक्षा पुष्कळ झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की केंद्रात नियमाने येणारे लोक इतरांपेक्षा लवकर निर्विषीकरणाच्या उपचारांकडे वळतात. २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, केंद्र उघडल्यानंतर त्याच्या सभोवतीच्या ५०० मीटरांत अतिमात्रेच्या मृत्यूंचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. उरलेल्या शहरात ते सुमारे ९ टक्क्यांनी घटले होते. या अभ्यासांच्या पद्धतीवर टीकाकारांनी शंका घेतल्या, त्यांना उत्तरे दिली गेली. परंतु वाद आकड्यांनी मिटला नाही, कारण तो मुळात आकड्यांचा नव्हताच. केंद्रामुळे एकही मनुष्य अधिक मेला नाही असे निर्विवाद सिद्ध झाले, तरी ज्याला हे पापाशी केलेले संगनमत वाटते त्याला ते वाटतच राहणार.

न्यायालयात ही गोष्ट उघड झाली. केंद्राला अमली द्रव्यांच्या कायद्यातून दिलेली सूट पुढे चालू ठेवण्यास २००६ साली सत्तेवर आलेले संघराज्य-सरकार राजी नव्हते. ती सूट संपू लागली तेव्हा केंद्र चालविणारी संस्था, व्यसनींची संघटना आणि दोन व्यसनी नागरिक न्यायालयात गेले. सरकारपक्षाच्या युक्तिवादाचा एक धागा असा होता, की या लोकांवर आलेले संकट कायद्याने आणलेले नाही; द्रव्य घेण्याची त्यांनी स्वतः केलेली निवड त्याला कारण आहे. म्हणजेच व्यसन हा दोष होय. उलट बाजू म्हणत होती, की ज्यात स्वतःवरील ताबा सुटणे हेच लक्षण आहे अशा आजाराला निवड म्हणता येत नाही. म्हणजेच व्यसन ही आपत्ती होय. ३० सप्टेंबर २०११ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला. तो सरन्यायाधीश बेव्हर्ली मॅकलॅक्लिन यांनी लिहिला. सूट नाकारण्याने माणसांच्या जीविताचा व सुरक्षिततेचा घटनादत्त हक्क डावलला जातो, ही हानी कायद्याच्या उद्दिष्टाशी विसंगत आणि प्रमाणाबाहेर आहे, म्हणून मंत्र्याने सूट द्यावी, असा तो आदेश होता. त्या दिवसापर्यंतच्या आठ वर्षांत केंद्रात एकालाही अतिमात्रेने मृत्यू आला नव्हता. न्यायालयाने सरकारला अशी केंद्रे उभारावयास सांगितले नाही. जे उभे आहे आणि जीव वाचवीत आहे ते तोडू नका, एवढेच सांगितले.

संगनमताचा प्रश्न दुसऱ्या एका शहरात अधिक स्पष्ट शब्दांत विचारला गेला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९९९ साली असे केंद्र सिडनीत प्रयोग म्हणून काढण्याचे ठरविले. ते चालविण्यास प्रथम पुढे आल्या त्या ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ या कॅथलिक संघाच्या जोगिणी. रोग्यांची सेवा हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्रत. रोमहून त्यांना माघार घेण्यास सांगण्यात आले. वाईट कृत्यास साहाय्य होईल असे काही करणे धर्मास मान्य नाही, ही त्यामागील भूमिका. जोगिणींनी आज्ञा पाळली. मग ‘युनायटिंग चर्च’ या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाने ते काम अंगावर घेतले आणि मे २००१ मध्ये किंग्ज क्रॉस भागात केंद्र उघडले. एकाच धर्मग्रंथाला मानणाऱ्या दोन मंडळींनी एकाच खोलीकडे पाहिले. एकीला तेथे पापाची सोबत दिसली, दुसरीला मरणाराची. पापाला हात लावावयाचा नाही ही निष्ठा क्षुद्र नव्हे. पण त्या निष्ठेची किंमत ज्याला मोजावी लागते, तो निष्ठावंतांपैकी कोणी नसतो.

साक्ष आणि संमती या दोन गोष्टी एक आहेत काय, हा खरा प्रश्न आहे. ज्या घरातला मुलगा सुईच्या आहारी गेलेला असतो, त्या घरातील आई न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लावू देत नाही. तिने पैसे लपविलेले असतात, शपथा घातलेल्या असतात, नवस बोललेले असतात. मुलाच्या सोबत्यांना दारातून हाकलून दिलेले असते. एवढे करूनही तो आत गेला की ती दारापाशी उभी राहते आणि नळाच्या आवाजामागे श्वासाचा आवाज येतो आहे का ते ऐकते. आवाज थांबला तर हाक मारते. ओ आली नाही तर दार लोटते. तिने त्या कृत्याला संमती दिली, असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होईल? आणि कडी लावू न देण्याने तिने त्याचे व्यसन सोडविले, असेही ती म्हणत नाही. तो उद्यापर्यंत जिवंत राहिला तर उद्या पुन्हा समजावता येईल, इतकाच तिचा हिशेब असतो.

शासन म्हणजे आई नव्हे, हा आक्षेप येथे योग्य आहे. आईला कायदा करावयाचा नसतो आणि तो सर्वांना सारखा लावावयाचाही नसतो. परंतु शासनाच्या दोन हातांनी दोन कामे करणे तेवढ्याने विसंगत ठरत नाही. आईही विकणाऱ्याला शाप देते आणि घेणाऱ्याच्या दारापाशी उभी राहते. चोरीचा गुन्हेगार पळताना पडून जखमी झाला तर त्याला इस्पितळात नेतात. तसे केल्याने चोरी कायदेशीर होत नाही. सुई-केंद्रावर मात्र ही साधी गोष्ट लागू पडेनाशी होते, कारण तेथे जखम होण्यापूर्वीच वैद्य येऊन बसलेला असतो. जखमेनंतर केलेली सेवा ही दया आणि जखमेपूर्वी केलेली तयारी ही फूस, असा भेद मनात आपोआप पडतो. अतिमात्रेच्या बाबतीत हा भेद टिकत नाही, कारण येथे जखम आणि मरण यांमध्ये काही मिनिटेच असतात. जो आधी आलेला नसतो तो वेळेवर पोचतच नाही.

तथापि या खोलीकडून अधिकाची अपेक्षा करणारांचीही निराशाच होते. २०१० च्या दशकात हेरॉइनची जागा फेंटानिल या प्रयोगशाळेत बनविलेल्या, कित्येक पटींनी जहाल द्रव्याने घेतली. घेणाऱ्यालाच आपण काय व किती घेत आहोत हे कळेनासे झाले. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने पुन्हा आरोग्य-आणीबाणी जाहीर केली. नवी केंद्रे निघाली, नॅलोक्सोन घरोघर वाटले गेले. तरी २०२३ या एका वर्षात त्या प्रांतात अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. विरोधक म्हणाले, केंद्रांनी काय साधले? समर्थक म्हणाले, केंद्रे नसती तर काय झाले असते? दोघांच्याही प्रश्नांत तथ्य आहे. मेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक घरांत आणि खोल्यांत, चार भिंतींच्या आड मेले. अनेकजण एकटेच होते. पुष्कळांनी सुई टोचलीच नव्हती, धूर ओढला होता. सुईसाठी बांधलेली खोली त्यांच्या उपयोगाची नव्हती. एका रस्त्यावरची साक्ष साऱ्या प्रांतातल्या एकांताला पुरी पडत नाही.

म्हणूनच आज ही केंद्रे एकाच वेळी उघडतही आहेत आणि मिटतही आहेत. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात १९८६ साली अशी पहिली जागा निघाली होती. न्यूयॉर्कमध्ये २०२१ च्या नोव्हेंबरात दोन केंद्रे सुरू झाली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने परवानगीचा कायदा संमत केला, पण २०२२ साली तेथील गव्हर्नरांनी तो नाकारला. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराने जानेवारी २०२५ मध्ये पहिले केंद्र उघडले. त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्चअखेरीस, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात शाळा व पाळणाघरांपासून २०० मीटरांच्या आत अशी केंद्रे नसावीत या नव्या नियमामुळे अनेक दारे बंद झाली. मुले आणि मरणारे यांच्यामध्ये अंतर किती असावे, हे कायद्याने मीटरांत सांगितले. मरणारेही कोणाची तरी मुले असतात, हे मोजण्याचे माप त्यात नव्हते.

भारतात अशी सरकारमान्य खोली नाही. तरी या वादाला येथे मुळे नाहीत, असे नव्हे. इंग्रजी अमलात अफू परवान्याच्या दुकानांतून विकली जात होती आणि सरकार तीवर महसूल मिळवीत होते. त्या काळी शासन केवळ साक्षीदार नव्हते, विक्रेते होते. स्वातंत्र्यानंतर ती दुकाने बंद होत गेली. १९८५ साली अमली द्रव्यांचा आजचा कठोर कायदा झाला. त्या कायद्याच्या २५ व्या कलमानुसार, जाणूनबुजून आपली जागा अशा गुन्ह्यास वापरू देणाराही गुन्हेगार ठरतो. त्याच कायद्याचे ७१ वे कलम मात्र सरकारला उपचार-केंद्रे काढण्याचा आणि नोंदणी झालेल्या व्यसनींना अटींवर द्रव्य पुरविण्याचाही अधिकार देते. दोष आणि आपत्ती हे दोन्ही अर्थ येथेही एकाच छपराखाली आहेत. १९८० च्या दशकात म्यानमारच्या सीमेवरून मणिपुरात हेरॉइन आले, ते तरुणांनी शिरेत टोचून घेतले, आणि दशक संपता संपता एचआयव्ही त्यांच्या घरांत शिरला. पोलिसी उपायांनी व्यसन थांबले नाही, सुया मात्र लपल्या. तेव्हा त्या लहान राज्याने १९९६ साली हानी कमी करण्याचे धोरण आपल्या एड्सविषयक नीतीत स्वीकारले.

पुढे देशभर सरकारी केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देण्याची पद्धत आली. ही गोळी हेरॉइनची तलफ भागविते आणि सुई सुटते. तेथील रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. येणाऱ्याला गोळी हातात देऊन वाटेला लावीत नाहीत. परिचारिका ती चुरडून त्याच्या जिभेखाली ठेवते आणि विरघळेपर्यंत त्याने तिच्यासमोर बसावयाचे असते. या रीतीचा मूळ हेतू गोळी बाहेर विकली जाऊ नये हा आहे. शासनाचा अविश्वासच त्यात आहे. परंतु त्या अविश्वासाच्या पोटी असे घडते, की ज्याच्याकडे दिवसभरात कोणी नीट पाहिलेले नसते, त्याच्याकडे कोणी एक माणूस रोज काही मिनिटे लक्ष देऊन पाहते. काल तो आला नाही, हे तिच्या ध्यानात येते. त्याचा हात सुजला आहे, हे तिला दिसते. इम्फाळला किंवा लुधियान्याला, एखाद्या जिल्हा-इस्पितळाच्या मागच्या व्हरांड्यात, हे आज घडत असते आणि त्यावर सार्वजनिक वाद होत नाही. गोळी सरकारची असते म्हणून त्या साक्षीला कोणी संमती म्हणत नाही.

सुईच्या खोलीचा वाद भारतात उद्या आला तर तो व्हँकूव्हरच्या वाटेने येणार नाही. येथे इस्पितळातल्या खाटाच पुरत नाहीत, उपचारांसाठी थांबलेल्यांची रांग लांब आहे, आणि खोलीच्या नावाखाली लोकांना कोंडून मारहाण करणारी तथाकथित व्यसनमुक्ती-केंद्रे काही कमी नाहीत. त्या मारहाणीच्या केंद्रांनाही देखरेखच म्हणतात. तेव्हा देखरेख हा शब्दही आपोआप पवित्र ठरत नाही. पाहणारा कशासाठी पाहतो, यावर त्याची किंमत ठरते. पकडण्यासाठी पाहणे आणि वाचविण्यासाठी पाहणे यांत दोष व आपत्ती यांच्याइतकेच अंतर आहे.

बड ऑस्बॉर्न मे २०१४ मध्ये वारला. फिलिप ओवेन २०२१ साली गेले. एकजण वस्तीच्या आतून आला, दुसरा बाहेरून, आणि व्यसनाविषयी त्या दोघांची तात्त्विक मते शेवटपर्यंत जुळली होती असे समजण्याचे कारण नाही. ते जुळावयाची गरजही पडली नाही. व्यसन हा दोष मानला तरी त्याची शिक्षा एकांतातले मरण असावी असे कोणताही कायदा म्हणत नाही. आपत्ती मानली तर आपत्तीत सापडलेल्याकडे पाठ फिरविणे राज्यकर्त्याला शोभत नाही, हे तर ‘अर्थशास्त्रा’च्या काळापासून माहीत आहे. शब्दाचा निकाल लागेपर्यंत दारापाशी कोणी उभे राहावे की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. आणि तो निकाल लागावयास पुष्कळ काळ लागणार आहे.